गवताच्या पोटातला राखणदार

माझी भाची न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळच्या एका डेअरी फार्मवर काम करते. मार्च महिना म्हणजे तिकडे शरद ऋतू, कुरणं नव्याने पेरायचे दिवस. तेव्हा तिने गवताच्या बियाण्याच्या पोत्याचा फोटो पाठवला. वाणाच्या नावापुढे ठळक अक्षरांत ‘एआर-३७’ असं छापलेलं होतं. खाली तिने लिहिलं होतं, ‘मामा, हे बुरशीचं नाव आहे. इथे बी घेताना लोक आधी विचारतात, आत बुरशी कोणती?’

इकडे रायपूरला, चौबे कॉलोनीत, आमच्या घरासमोर एक भाऊ राहतात. अभनपूरच्या बाजूला त्यांचा गोठा आहे, आठ म्हशी आणि दीड एकरात चाऱ्याची ज्वारी-मका. महाराष्ट्र मंडळातून परतताना मी त्यांना तो फोटो दाखवला. ते थांबलेच. ‘बुरशी मुद्दाम पेरायची? आणि तेच जनावरांना घालायचं?’ पाठोपाठ दुसरा प्रश्न आला, ‘आपल्याकडे आणता येईल का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं मात्र एका वाक्यात मावत नाहीत, म्हणून इथे टप्प्याटप्प्याने सांगतो.

बुरशी म्हटलं की आपल्याला शिळ्या भाकरीवरची पांढरी लव आठवते, नाहीतर गव्हावरचा तांबेरा. एक मेलेल्यावर जगते, दुसरी जिवंत झाडाला पोखरते. पण काही बुरश्या जिवंत झाडाच्या आत राहतात आणि त्याला आजारी पाडत नाहीत. अशा जिवाला एंडोफाइट म्हणतात. ‘एंडो’ म्हणजे आत आणि ‘फाइट’ म्हणजे वनस्पती, म्हणून आपण अंतर्वासी म्हणू. भाचीच्या पोत्यातली बुरशी एपिक्लोई या वंशातली आहे आणि ती रायग्रास नावाच्या थंड प्रदेशातल्या गवतात राहते.

राहते म्हणजे नेमकी कुठे? रायग्रासचा एक फुटवा घ्यायचा. त्याच्या पानाचा खालचा भाग काडीला वेढून असतो, आपल्या ज्वारीच्या ताटाला असतो तसाच. त्या वेढ्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा नखाने सोलायचा, कांद्याचा सोलतो तसा. काचपट्टीवर ठेवून त्यावर ॲनिलिन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पेशी विटांसारख्या ओळीने रचलेल्या दिसतात. त्या विटांच्या सांध्यांतून निळे, किंचित नागमोडी धागे पानाच्या लांबीने सरळ गेलेले असतात. हीच ती बुरशी. ती पेशी फोडत नाही, सांध्यात राहते आणि तिथे झिरपणाऱ्या अन्नावर जगते.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. एरवी बुरशीचा धागा फक्त टोकाला वाढतो. ही बुरशी मात्र मधल्या भागातही ताणून वाढते. पान लांबत जातं तसा धागाही त्याच्याबरोबर लांबतो आणि पानाची वाढ थांबली की धाग्याचीही थांबते. त्यामुळे पान वाढताना तो तुटत नाही.

गवताला फुलोरा यायची वेळ झाली की धागे काडीतून वर चढतात आणि तयार होणाऱ्या बियांत शिरतात. पुढची पिढी बुरशीसकटच जन्माला येते. हा वारसा फक्त आईकडून मिळतो, परागकणांतून नाही. कुरणातल्या या बुरशीचे बीजाणू हवेतून उडून शेजारच्या रोपाला लागत नाहीत. म्हणून बिनबुरशीचं बी पेरलं, तर त्या रोपात ती पुढे कधीही आपोआप येणार नाही. हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आता राखण कशी होते ते पाहू. न्यूझीलंडच्या कुरणांचा एक मोठा शत्रू म्हणजे अर्जेंटाइन स्टेम वीव्हिल. हा दक्षिण अमेरिकेतून आलेला, जेमतेम तीन मिलिमीटरचा करडा सोंडकिडा. मादी पानाच्या वेढ्यात अंडी घालते. अळी फुटव्यात शिरते, आतला गाभा खाते आणि मधलं पान वाळतं. भातात आपण जिला गाभेमर म्हणतो आणि ज्वारीत पोंगेमर, तीच ही गत. एक फुटवा संपला की अळी दुसऱ्यात जाते.

कुरणांत नेहमी आढळणारी बुरशी गवताच्या अन्नातून पेरामाइन नावाचं द्रव्य बनवते. या कडवट रसायनांच्या कुळाला अल्कलॉइड म्हणतात. चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन याच कुळातलं. सोंडकिड्याने पान कुरतडून पाहिलं की पेरामाइनमुळे तो पुढे खात नाही, आणि जिथे खात नाही तिथे अंडीही फारशी घालत नाही. म्हणजे कीड तडफडून मरते असं नाही, तिला ते ताट नकोसं होतं. फवारणीची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. शेतात मेलेले किडे दिसत नाहीत, म्हणून उपाय लागू पडला नाही असं त्याला वाटतं.

पण हीच बुरशी आणखीही द्रव्यं बनवते, आणि जनावरांचा प्रश्न तिथे येतो. लोलिट्रेम-बी नावाचं द्रव्य मेंढ्या, गाई, घोडे यांच्या चेतासंस्थेवर परिणाम करतं. उभं जनावर ठीक दिसतं. हाकललं की मान थरथरते, पाय ताठ होतात, ते अडखळतं आणि पडतं. शांत राहू दिलं की थोड्या वेळाने उठतं. दुसरं द्रव्य अर्गोव्हॅलिन. ते रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे जनावराला उष्मा सहन होत नाही आणि दूध घटतं. अमेरिकेत ‘केंटकी-३१’ नावाचं टॉल फेस्क्यू गवत १९४३ साली प्रसारित झालं. ते चिवट आणि हिरवंगार म्हणून सगळीकडे पसरलं. मात्र त्यावर चरणारी गुरं का खंगतात, याचा संबंध आतल्या बुरशीशी लागायला १९७७ साल उजाडलं.

छत्तीसगडच्या माणसाला हे ऐकून कोदो आठवल्याशिवाय राहणार नाही. कोदो हेही एक गवतच. पावसात भिजलेलं, बुरशी धरलेलं कोदो खाल्लं की माणूस झिंगतो, जनावर थरथरतं. इकडे त्याला मतौना कोदो म्हणतात. कोकणात याच धान्याला हरीक म्हणतात, आणि तिथेही गोडा हरीक वेगळा आणि माजरा, म्हणजे माज आणणारा, वेगळा, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात बांधवगडला कोदो खाऊन दहा हत्ती मेले. तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक ॲसिड हे बुरशीचं विष सापडलं. कोदोवरची बुरशी वेगळी आहे, ती कुणाची राखण करत नाही. पण गवताचं पीक, बुरशी आणि लटपटणारं जनावर ही साखळी आपल्या मातीला अनोळखी नाही. एपिक्लोईचं कूळही आपल्या ओळखीचं आहे. बाजरीवरचा अरगट आणि भाताची लोंबी उदबत्तीच्या काडीसारखी ताठ करणारा उदबत्ता रोग, या दोन्हींच्या बुरश्या तिच्या भाऊबंदांतल्या.

न्यूझीलंडने यातून वाट कशी काढली ते समजून घ्यावं, कारण खरं कसब तिथे आहे. १९८१ मध्ये मेंढ्यांच्या थरथरीचं मूळ रायग्रासमधल्या बुरशीत असल्याचं तिथल्या संशोधकांनी दाखवलं. मग साहजिकच सुचलं, की बुरशीच काढून टाकू. पण १९८२ मध्ये दुसरी बाजू पुढे आली. बुरशी नसलेलं रायग्रास सोंडकिडा फस्त करत होता आणि बुरशी असलेलं उभं राहत होतं. म्हणजे बुरशी ठेवली तर मेंढ्या पडतात आणि काढली तर कुरण जातं.

उत्तर निसर्गातच होतं. युरोपात रायग्रास मुळात जिथलं, तिथल्या जुन्या कुरणांत एकाच बुरशीचे अनेक प्रकार सापडतात आणि प्रत्येकाची द्रव्यं थोडी वेगळी असतात. संशोधकांनी ते गोळा केले, तपासले, आणि कीड रोखणारे पण लोलिट्रेम-बी किंवा अर्गोव्हॅलिन न बनवणारे प्रकार निवडले. मग चांगल्या वाणाचं बिनबुरशीचं रोप अगदी कोवळं असताना त्याच्या वाढीच्या टोकाजवळ बारीक चीर देऊन निवडलेल्या बुरशीचा कण आत ठेवला. आंब्याला कलम बांधण्याइतकंच नाजूक काम. लागलं तर त्या रोपाच्या सगळ्या बियांत ती उतरते. या वाटेने एआर-१ सन २००१ च्या सुमारास बाजारात आली आणि २००७ मध्ये एआर-३७.

दोघींत फरक आहे. एआर-१ जनावरांना निर्धोक आणि सोंडकिड्याला चांगली रोखते, पण काळ्या भुंगेऱ्यापुढे कमी पडते. एआर-३७ पेरामाइन बनवत नाही. तिची द्रव्यं वेगळी, आणि ती सोंडकिड्याच्या अळीबरोबर भुंगेरा व मुळांवरचा मावाही रोखते. मात्र तिच्यावर चरणाऱ्या मेंढ्यांना क्वचित थरथर होऊ शकते. म्हणून तिथला शेतकरी आधी आपल्या रानात कोणती कीड आहे आणि आपलं जनावर कोणतं, हे पाहतो, मग पोतं निवडतो. भाचीच्या त्या वाक्याचा अर्थ हा होता.

पोतं घरी आलं की सर्वांत मोठी चूक होते ती साठवणीत. बी आणि बुरशी दोन्ही जिवंत असतात, पण बुरशी आधी मरते. उबदार, दमट गोदामात वर्ष-दीड वर्ष पडलेलं बी पेरलं तर ते छान उगवतं. हिरवं रान पाहून शेतकरी निर्धास्त होतो, आणि उन्हाळ्यात कीड पडली की बियाणं नकली होतं म्हणतो. बी नकली नव्हतं, आतला राखणदार मेलेला होता. उगवण झाली म्हणजे बुरशी जिवंत आहे, असं कधीही धरू नये. तिकडे असं बी थंड आणि कोरड्या खोलीत ठेवतात, आणि शंभरातल्या निदान सत्तर बियांत जिवंत बुरशी असावी असा दंडक आहे. खात्री करायची तर बी उगवून, सहा-आठ आठवड्यांची रोपं झाल्यावर, फुटव्यांची तपासणी करतात. नुसतं बी रंगवून पाहिलं तर धागे दिसतात, पण ते जिवंत की मेलेले ते कळत नाही.

पेरणीत दुसरी चूक होते. जुनं गवत नीट न मारता त्यातच नवं बी टाकलं जातं. जुन्या गवतात जुनीच, जनावराला त्रास देणारी बुरशी असते. त्याचं मातीत पडलेलं बी उगवतं, शेणातूनही येतं, आणि दोन्ही गवतं दिसायला सारखीच. म्हणून जाणते शेतकरी जुनं कुरण मोडून आधी एक हंगाम दुसरं पीक घेतात, जुनं बी उगवून संपू देतात, आणि मग नवं पेरतात.

उगवल्यानंतरचे पहिले काही आठवडे जपावे लागतात. रोप कोवळं असताना बुरशीची द्रव्यं पुरेशी तयार झालेली नसतात, म्हणून तिकडे बियाण्याला बहुधा कीडनाशकही चोळलेलं असतं. जिथे जुनी बुरशी आहे तिथे चराईही जपून करावी लागते. लोलिट्रेम-बी पानाच्या बुडाशी आणि फुलोऱ्यात जास्त साठतं, म्हणून उन्हाळ्यात जनावरं मुळापर्यंत खरडून खाऊ लागली की थरथर वाढते. जनावर लटपटताना दिसलं तर त्याला पळवू नये. सावकाश दुसऱ्या चाऱ्यावर न्यावं, पाण्याच्या डबक्यापासून आणि उतारापासून दूर ठेवावं. बहुतेक जनावरं आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात.

भाऊंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता दुसरं, आपल्याकडे आणता येईल का? रायपूरच्या रानासाठी उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्याची कारणं समजून घेतली की पैसे वाचतात.

एपिक्लोई फक्त थंड हंगामातल्या गवतांच्या कुळात राहते. रायग्रास आणि फेस्क्यू त्या कुळातली. आपली हरळी, नेपियर, पॅरा गवत, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी उष्ण हंगामातली, दुसऱ्या घराण्यातली. त्यांच्यात ती नांदत नाही. नेपियर तर आपण बियांनी लावतच नाही, कांड्यांनी लावतो. त्यात बहुवर्षीय रायग्रासला रायपूरचा मे महिना सोसणार नाही. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बियाण्यातली बुरशी तर पेरणीआधीच संपेल. परदेशातून कुणी पाहुणा खिशातून बी आणतो म्हणाला तर नकोच म्हणावं. परवानगी आणि तपासणीशिवाय बियाणं देशात आणणं बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. अर्जेंटाइन सोंडकिडाही कधीतरी असाच समुद्र ओलांडून गेला होता.

मग आपल्या हातात काय आहे? ज्वारी-मक्यात वस्तीला येऊ शकणारी दुसरी एक बुरशी आहे, बिव्हेरिया बॅसियाना. १८३५ मध्ये इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी रेशमाच्या अळ्या पांढऱ्या पडून का मरतात याचा शोध घेताना ती उजेडात आणली. कीटकांना मारणारी बुरशी म्हणून तिची पावडर आपल्याकडे कृषी केंद्रांवर मिळते. ती झाडाच्या आतही राहू शकते, हे १९९१ मध्ये अमेरिकेत मक्यावर दाखवलं गेलं. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोनेही तिचे वेगवेगळे प्रकार मक्याच्या खोडात आणि पानांत कितपत वस्ती करतात ते तपासलं आहे. काही प्रकार चांगले रुजतात, काही नाही.

दोघींतला फरक मनात स्पष्ट असावा. एपिक्लोई घरची लेक आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहते. बिव्हेरिया पाहुणी आहे. ती बियांतून भरवशाने पुढे जात नाही, दर पेरणीला बोलवावी लागते, आणि प्रत्येक वेळी येईलच असं नाही. एक दिलासा आहे, लोलिट्रेम किंवा अर्गोव्हॅलिन ती बनवत नाही.

पुडा घेताना बुरशीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाची तारीख वाचावी. तारीख जुनी असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मी एकदा एप्रिलच्या दुपारी असा पुडा स्कूटरच्या डिकीत तीन तास ठेवून शेतावर नेला होता. पावडर दिसायला जशीच्या तशी होती, उपयोग मात्र शून्य झाला. तेव्हापासून मी ती पाण्याच्या बाटलीसारखी ओल्या फडक्यात गुंडाळून, सकाळीच नेतो.

बी चोळताना आधी भाताची गार पेज किंवा गुळाचं पाणी बियांवर शिंपडावं, म्हणजे पावडर चिकटते. मात्रा पुड्यावर दिली असेल तीच घ्यावी. हाताने हलकं घोळून सावलीत सुकवावं आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, ओलीत पेरावं. दुकानातून आणलेलं गुलाबी किंवा हिरवं रंगवलेलं बी बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्यावर बिव्हेरिया लावणं म्हणजे पाहुण्याला दारातच विष देणं. न रंगवलेलं बी मागून घ्यावं.

शेजारी कोसा रेशमाचे किडे पाळत असतील तर हा उपाय करूच नये. ज्या बुरशीने बास्सींच्या काळी रेशीमकिडे मारले, तीच ही. चांपा काय, बस्तर काय, इकडे कोशावर अनेक घरं चालतात.

मक्यावर २०१८ पासून आपल्या देशात आलेली अमेरिकन लष्करी अळी दिसली, तर बियाण्याच्या उपचारावर विसंबू नये. पोंग्यात वाळलेल्या भुशासारखी विष्ठा दिसली की मेटारायझियम या दुसऱ्या बुरशीची पावडर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात, संध्याकाळी, थेट पोंग्यात फवारावी. पावसाळी दमट हवेत ती चांगली काम करते. कोरड्या उन्हात नाही.

चाऱ्याच्या ज्वारीबद्दल एक सांगायला हवं. तिच्या कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या पानांत ज्वारीचं स्वतःचं विष असतं. त्याने जनावर दगावतं, त्याला आपण किराळ लागणं म्हणतो. त्याचा बुरशीशी संबंध नाही. बिव्हेरिया चोळली म्हणून कोवळी ज्वारी निर्धोक होत नाही. फुलोऱ्यावर येईपर्यंत थांबावंच लागतं.

भाऊंनी हे सगळं ऐकून विचारलं, ‘मग लागू पडलं की नाही, हे कसं कळणार? मला काही सूक्ष्मदर्शक नाही.’ त्यांना सांगितलं, सगळं रान चोळू नका. एक आड एक, चार-चार ओळींचे पट्टे करा. चार ओळी चोळलेल्या, चार साध्या. कडेला खुंट्या ठोकून खूण करा. उगवून चार आठवडे झाले की प्रत्येक पट्ट्यात सलग शंभर ताटं मोजा. मधला पोंगा वाळलेला दिसला की हलकेच ओढा. तो सहज उपटून आला आणि बुडाशी कुजका वास असला, तर ते पोंगेमर. खोडमाशी आणि खोडकिडा दोघांचीही खूण तीच. किती निघाले ते लिहून ठेवा. एका हंगामावर निकाल देऊ नका, दोन पेरण्या तरी पाहा.

आषाढात त्यांनी खुंट्या ठोकल्या. म्हशींच्या दुधाचा हिशेब ज्या वहीत असतो, तिच्याच मागच्या पानावर त्यांनी उभी रेघ मारून दोन रकाने केले आहेत. एकावर ‘चोळलेलं’, दुसऱ्यावर ‘साधं’. पहिली मोजणी येत्या रविवारी करायची आहे, आणि मीही जाणार आहे.